मुलीला इतिहासाची गोडी कशी लावावी? ठाण्यात राहून काय काय करता येईल?

पाचपाखाडी
शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला विषय मांडतो.

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. शाळा सीबीएसईची, त्यामुळे आपल्याला चौथीला जे शिवछत्रपतींचं पुस्तक होतं ते तिच्या दप्तरात नाही. मी नोकरीने हिशेबनीस, पण वाचन सगळं इतिहासाचं. आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. त्याच्या कपाटांपुढे मी वाढलो. वडील तिथे न्यायचे, मला एक पुस्तक काढून द्यायचे आणि स्वतः वर्तमानपत्र घेऊन बसायचे. तेवढ्यावर माझं जुळलं. तिचंही तसं जुळावं अशी फार इच्छा आहे.

मार्कांसाठी नको, स्पर्धा परीक्षांसाठी तर नकोच. पुढे तिने काहीही शिकावं. पण कुठल्याही गावात पाऊल ठेवलं की इथे आधी कोण राहत असेल, हे डोंगर-नाले त्यांनी कसे पाहिले असतील, असं तिच्या मनात आपसूक यावं. मला स्वतःला या सवयीने आयुष्यभर सोबत केली आहे. एकटं वाटलं तरी कधी रिकामं वाटलं नाही.

अडचण अशी की रात्री मी गोष्ट सांगायला लागलो की ती मध्येच थांबवते. "बाबा, हे कुणी बघितलं होतं? तुला कुणी सांगितलं? आणि त्याला कुणी सांगितलं?" उत्तर देईपर्यंत तिला झोप लागते किंवा विषय बदललेला असतो. हा कंटाळा समजायचा की आवड? ज्यांनी मुलांबरोबर हे केलंय त्यांनी अनुभव सांगावेत. ठाणे, नवी मुंबई, कल्याणच्या आसपासचं काही असेल तर उत्तम. दर सुट्टीत रायगडला जाणं जमत नाही.

रानवाटा
शनिवार, रात्री १०:४०

किल्ले! दुसरं काही नाही. आणि दिवाळीत अंगणात किल्ला करायला लावा. सोसायटी माती आणू देत नसेल तर गॅलरीत करा. बाजारातला तयार किल्ला मात्र आणू नका. बुरूज कुठे ठेवायचा, दरवाजा सरळ न दिसता वळणाआड का घ्यायचा, पाण्याचं टाकं कुठे खोदायचं हे चिखलात हात घातल्यावर जे कळतं ते पुस्तकात कळत नाही. आमचा चिरंजीव सहावीत आहे. प्रत्यक्ष गडावर गेला की आधी टाकं शोधतो, मग तोफ.

लहान मुलांना एका दिवसात एकच गड. माथ्यावर पोचल्यावर निदान तासभर त्यांना मोकळं सोडा. त्या वेळात माहिती सांगू नका.

आजी_नौपाडा
रविवार, सकाळी ७:०५

पाचपाखाडी, तुमची मुलगी कंटाळलेली नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. "हे कुणी बघितलं?" असं आपणहून विचारणारी मुलं वर्गात फार थोडी असतात. बाकीच्यांना आपण ते शिकवावं लागतं. तिला ते आलेलं आहे. तेव्हा पुढची गोष्ट सांगण्याची घाई न करता तिच्या प्रश्नाचं उत्तर हीच त्या रात्रीची गोष्ट करा.

एक उदाहरण देते, करून पाहा. शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला? ती म्हणेल १९ फेब्रुवारी १६३०. मग तिलाच विचारा, कशावरून? बखरींच्या आधारे बरीच वर्षं १६२७ हे साल धरलं जात होतं. मग कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली एक शकावली लोकमान्य टिळकांना मिळाली. ती त्यांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे कुठल्या शकात काय घडलं याच्या त्रोटक नोंदी. त्यात जन्माची नोंद आहे: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. महाराजांच्याच काळातल्या परमानंद कवीने लिहिलेल्या शिवभारतात तीच तिथी येते. दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या कारणासाठी लिहिलेलं जुळलं, म्हणून विश्वास वाढला. तरी त्यावर वाद झाले, लेख लिहिले गेले, आणि सरकारी जयंती १९ फेब्रुवारीला यायला हे शतक उजाडावं लागलं.

आता गणित. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो असं आपण शिकतो. १५५१ अधिक ७८ किती? १६२९. मग १६३० कसं? तिला विचार करू द्या, लगेच सांगू नका. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून तिथे ७९ मिळवायचे. हे स्वतःला सापडलं की मुलं कशी फुलतात ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

पारसिक
रविवार, सकाळी ८:२०

आजी, आदर ठेवून असहमत. नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात शकावली कशाला? या वयात गोष्टच हवी. आम्हाला घोरपडीला दोर बांधून सिंहगड चढलेले मावळे आधी भेटले, पुरावे वीस वर्षांनी. दोर कापून टाकल्याचं ऐकताना अंगावर काटा आला म्हणून पुढे वाचत गेलो. आधीच "आधार काय" म्हणत बसलो असतो तर त्या लढाईत मन गुंतलंच नसतं. मुलांच्या मनात आधी माणसं उभी राहू द्या.

वाशीची_आई
रविवार, सकाळी ९:१५

पारसिक +१. पण आमच्याकडे वेगळीच पंचाईत झाली. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट लेकाला सांगितली. त्याला ती फार आवडली, शाळेत सांगून आला. मग कुणीतरी म्हणालं की ती खोटी आहे. तो घरी येऊन रडला. "मग महाराजांचं बाकीचं पण खोटं का?" मला काय बोलावं ते सुचेना.

आजी_नौपाडा
रविवार, सकाळी १०:३०

वाशीची_आई, हाच तो धोका. त्या प्रसंगाला महाराजांच्या काळातल्या कागदांचा आधार मिळत नाही. घोरपडीचंही तसंच. पण १६५७ साली महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीकाठी आरमाराची सुरुवात झाली, हे आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले, हेही आहे. तेव्हा लेकाला सांगा: लोक एखाद्या राजाबद्दल शेकडो वर्षं अशी गोष्ट सांगतात, याचा अर्थ त्यांना त्याच्याबद्दल काय वाटत होतं ते आपल्याला कळतं. कागद एक सांगतो, लोकांची आठवण दुसरं सांगते. दोन्ही ठेवायचं, फक्त एकमेकांत मिसळायचं नाही. मुलांना हे समजतं. त्यांना न सांगितलेलं मात्र पुढे बोचतं.

पारसिक, तुमचा काटा मला मान्य आहे. तो आलाच पाहिजे. मी फक्त एवढंच म्हणते की या मुलीला तो "कुणी बघितलं" या वाटेने येतो आहे.

पाचपाखाडी
रविवार, दुपारी १:५०

आजी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. जेवताना तिला ७८ चं कोडं घातलं. "फाल्गुन म्हणजे होळीचा ना? मग होळी तर मार्चमध्ये असते, तेव्हा नवीन वर्ष सुरू झालेलं असतं!" असं तिने स्वतः काढलं. मग आईच्या, आजीच्या आणि शेजारच्या काकूंच्या वाढदिवसाचा शक काढत बसली. मी अजून हरखलेला आहे.

कोर्टनाका
रविवार, दुपारी ३:३५

ठाण्यातलंच हवं असेल तर तुरुंगाची भिंत दाखवा. हो, आपला मध्यवर्ती कारागृह. आत जाता येत नाही, पण बाहेरून बुरुजाची गोलाई दिसते. ठाण्यातल्या बहुतेक मुलांना तो मुळात किल्ला आहे हे माहीत नसतं. एका जागेवर किती काळ साचलेला असू शकतो याचा इतका चांगला नमुना मला दुसरीकडे सापडला नाही.

बांधायला घेतला पोर्तुगीजांनी. काम चालू असतानाच १७३७ साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. ही वसईच्या मोहिमेची सुरुवात. वसई स्वतः चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये घेतली. १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला इंग्रजांकडे गेला. १७८७ साली तिथे नव्या बांधकामाचा पाया खणताना ताम्रपट निघाले. कुणाचे? शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९, म्हणजे १०१७ सालचे. इंग्रज पाया खणतो आहे आणि जमिनीतून आठशे वर्षांपूर्वीचा ठाण्याचा राजा बोलतो आहे, हे चित्र मुलांपुढे उभं करा. तुमच्या मुलीच्या "कुणी सांगितलं" ला याहून थेट उत्तर नाही. राजाने दान दिलं आणि ते कुणी नाकारू नये म्हणून तांब्यावर कोरून ठेवलं.

मग १८१६. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यात कैदेत होते. पहारा गोऱ्या शिपायांचा. खिडकीखाली घोड्याची चाकरी करणारा एक मोतद्दार मराठीत गाणी म्हणायचा. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं आणि गाण्यातून पळून जायचा बेत आत पोचत होता. सप्टेंबरात त्रिंबकजी निसटले. त्या काळच्या इंग्रजांनीच हे लिहून ठेवलं आहे. पारसिक, घ्या, काटा पण आला आणि कागद पण.

पुढचं वयाप्रमाणे सांगा. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला इथेच फाशी झाली. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. माझ्या मुलाला मी हे तो बारा वर्षांचा झाल्यावर सांगितलं. त्या भिंतीवरून रोज शाळेची बस जायची. त्यानंतर तो तिथे आला की गप्प व्हायचा, आणि मला ते योग्य वाटलं.

डबेवाला_नाही_डबा
रविवार, दुपारी ४:१०

आमच्या मुलाला फक्त रेल्वे आवडते. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौतीस किलोमीटर, चौदा डबे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं. पुढच्या वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले. पारसिकचा बोगदा त्यानंतर खूप उशिरा, १९१६ साली. मग त्याने विचारलं, बोगदा नव्हता तेव्हा गाडी कुठून जायची? आम्ही नकाशा घेऊन बसलो, मुंब्र्याकडून डोंगराला वळसा घातलेला सापडला. मुलाचं जे वेड आहे त्याचाच इतिहास काढा.

उरणकर
रविवार, रात्री ९:०२

सगळं वाचलं. चांगलं चाललंय. पण माझ्या मनातलं स्पष्ट लिहितो.

तुम्ही मुलांना किल्ले, राजे, ताम्रपट दाखवता. आमच्या पट्ट्यात, नव्या मुंबईत, जी मुलं आज विसाव्या मजल्यावर राहतात त्यांना आपल्या इमारतीखाली काय होतं ते कुणी सांगत नाही. भातशेती होती. मिठागरं होती. जिताडं आणि कोळंबी मिळायची अशी खाडी होती. ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-नवघर भागात शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व या लढ्यातून आलं. हाही इतिहासच. आणि तो पाहिलेली माणसं अजून ओटीवर बसलेली आहेत. "कुणी बघितलं" असं विचारणाऱ्या पोरीला इकडे आणा, बघितलेला माणूसच समोर बसवतो.

त्याच्याही मागे जायचं असेल तर चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० ला तिथे जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसं गेली. दरवर्षी त्या दिवशी गावात हुतात्म्यांना मानवंदना असते. आमच्या आज्या त्या दिवसाचं बोलायला लागल्या की घरात कुणी चुळबूळ करत नसे. पनवेलजवळ शिरढोणला वासुदेव बळवंत फडके जन्मले, १८४५ साली. एडनच्या तुरुंगात १८८३ ला गेले. एका रविवारी चिरनेर आणि शिरढोण दोन्ही होतं.

उलव्याची टेकडी विमानतळासाठी सपाट झाली. माझी मुलगी ती टेकडी पाहिलेली आहे, तिची मुलं पाहणार नाहीत. म्हणून मी तिला जुन्या गावांची, बांधांची, देवांच्या जागांची नावं वहीत लिहायला लावतो. कुणाच्या शेताला काय म्हणत, कुठल्या उघाडीतून पाणी आत यायचं, सगळं. राजाचं तांब्यावर कोरलेलं होतं म्हणून राहिलं. आमचं कुणी कोरलं नाही, ते आम्हालाच लिहायला हवं.

पाचपाखाडी
रविवार, रात्री ९:४०

उरणकर दादा, मनापासून आभार. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं असं नाही, पण मुलीशी बोलताना मी कायम तीनशे वर्षं मागे जातो. तुम्ही म्हणता तसं तिला बघितलेल्या माणसासमोर बसवायचं आहे. नक्की येतो.

कोपरी_पूल
सोमवार, सकाळी ८:४८

थोडं वेगळं बोलू का? मला दोन मुलगे. मोठ्याला इतिहासाचं प्रेम, धाकट्याला शून्य. दोघांना सारख्याच सहली, सारखीच पुस्तकं. धाकटा फुटबॉल खेळतो आणि आनंदात आहे. आपल्याला जे आवडतं ते मुलाला आवडेलच असं नाही, आणि नाही आवडलं तर जबरदस्ती करू नये. बाप किल्ल्यावर भाषण देतोय आणि पोरगं उन्हात उभं आहे, असं दृश्य मी फार पाहिलं आहे.

आजी_नौपाडा
सोमवार, सकाळी ११:२०

कोपरी_पूल, बरोबर बोललात. मुलाला उन्हात उभं करून इतिहास शिकवता येत नाही. पण धाकट्याला एक काम देऊन पाहा, आवडलं नाही तर सोडून द्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची मुलाखत. प्रश्न त्याने स्वतः काढायचे, फोनवर आवाज टिपायचा, आणि नंतर एक पान लिहायचं.

माझ्या वर्गात एका मुलीने आजोबांना विचारलं होतं, "तुम्ही परळहून ठाण्याला का आलात?" आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बहुतेकांच्या गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. आजोबांनी तोवर घरात हा विषय कधी काढला नव्हता. नातीने विचारलं म्हणून बोलले. आजीने कुठले दागिने मोडले, कुणी उधार धान्य दिलं, कुणी तोंड फिरवलं. ती मुलगी ते वाचून दाखवत होती आणि मागच्या बाकावरचा सगळ्यात दंगेखोर मुलगा हात वर करून म्हणाला, "बाई, माझ्या आजोबांचं पण असंच आहे." पुढच्या आठवड्यात तोही एक पान लिहून घेऊन आला. ठाण्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत.

आणि आई-बाबांनाही विचारू द्या. २६ जुलै २००५ ला तुम्ही कुठे होतात, घरी कसे पोचलात? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे कुठेही मिळेल. तुम्ही कुणाच्या घरी रात्र काढलीत ते फक्त तुमच्याकडे आहे.

रानवाटा
सोमवार, दुपारी २:०५

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड, कुणी सुचवले नाहीत म्हणून लिहितो. बोरिवलीच्या एकसरला आहेत. घोडबंदर रोडने गेलात तर वाटेत घोडबंदरचा किल्लाही होतो. वीरगळ खालून वर वाचायचा: खाली लढाई आणि मरण, मध्ये अप्सरा वीराला नेताहेत, सगळ्यात वर तो स्वर्गात शिवपूजा करतोय. मुलांना हे चित्रकथेच्या पानासारखं पटकन वाचता येतं, फक्त दिशा उलटी. आणि एकसरच्या दगडांवर लढाई समुद्रातली आहे, वल्ही मारणारी जहाजं कोरलेली. आधी काहीही न सांगता "इथे काय चाललंय?" एवढंच विचारा आणि थांबा.

पाचपाखाडी
सोमवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. येत्या रविवारी अंबरनाथचं शिवमंदिर ठरवलं आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, श्रावण महिना आहे. तिला आजच विचारलं, ७८ की ७९? श्रावण म्हटल्यावर क्षणात "७८, म्हणजे १०६०" म्हणाली. मग म्हणाली, "पण बाबा, तो लेख खरंच आहे का ते मला बघायचंय." तेव्हा जायलाच हवं. त्यानंतर एकसर, मग उरण. आजोबांची मुलाखत ती या आठवड्यातच घेणार आहे, प्रश्न लपवून ठेवलेत.

एक शंका. वसईच्या लढाईतल्या पोर्तुगीज घंटा देवळांत आहेत असं तिला सांगितलं, तर "कुठल्या?" असा प्रश्न आला. मला भीमाशंकरची माहीत आहे. अजून?

कोर्टनाका
सोमवार, रात्री १०:३१

नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली, आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावरची. मेणवलीची तुम्हाला एकाच फेरीत वाईसकट होईल.

अंबरनाथला सकाळी लवकर जा, कोवळ्या उन्हात बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं नीट दिसतात. सोमवार आणि महाशिवरात्रीच्या आसपासचे दिवस टाळा, फार गर्दी असते. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतराव्या लागतात, ओल असली तर मुलीचा हात धरा. लेखाची अक्षरं झिजलेली आहेत आणि सहज वाचता येत नाहीत. त्याचं छापील वाचन ग्रंथसंग्रहालयात शिलाहारांच्या लेखांच्या पुस्तकात शोधा, सापडलं तर झेरॉक्स काढून बरोबर न्या. एकेक ओळ ताडून बघायला तिला आवडेल.